आधी तापमान सांगा : स्नायूंवर संशोधन करणाऱ्या नवोदितांसाठी पत्रव्यवहार

"सर, आमच्या उंदरांच्या ईडीएलचं बल फार कमी येतंय. काय चुकत असेल? कृपया मार्गदर्शन करावं."

असा ई-मेल पाठवून दोन-दोन महिने वाट पाहणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. उत्तर आलं नाही की त्यांना वाटतं, मोठी माणसं, आपल्याला कशाला विचारतील. बहुतेक वेळा तसं काही नसतं. ज्याने आयुष्याची वीस वर्षं ईडीएल या उंदराच्या पायातल्या दहा मिलिग्रॅमच्या स्नायूवर घालवली, त्याला त्याबद्दल बोलायला आवडतंच. अडचण एवढीच की या ई-मेलला उत्तर देताच येत नाही. कमी म्हणजे किती? कोणत्या एककात? बाथचं, म्हणजे स्नायू ठेवलेल्या द्रावणाच्या भांड्याचं, तापमान काय होतं? लांबी कशी ठरवली? गाठ कुठे बांधली? उत्तर द्यायचं तर आधी आठ प्रश्न विचारायला हवेत, आणि तेवढा वेळ त्या दिवशी नसतो. उद्या बघू म्हणता म्हणता ई-मेल खाली जातो आणि राहून जातो.

स्नायूच्या बाबतीत नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. तोच प्राणी, तोच स्नायू. पण बाथ दहा अंशांनी गार असेल, किंवा सार्कोमिअर (तंतूतलं आकुंचनाचं सर्वांत लहान एकक) अर्ध्या मायक्रोमीटरने जास्त ताणलेला असेल, तर आकडा बदलतो. पत्रात नम्रता हवीच, पण तिच्यावर भागत नाही. मोजलं तेव्हा स्नायू कोणत्या अवस्थेत होता, हे पत्रात असावं लागतं. पुढची सगळी पायरी-पायरी त्याच एका गोष्टीभोवती आहे.

पहिली पायरी : लिहिण्याआधी मागे मागे जा

ज्या पेपरबद्दल विचारायचंय त्याचा पद्धतींचा भाग आणि पुरवणी, दोन्ही शेवटपर्यंत वाचा. तिथे बहुधा 'पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे' असे तीन शब्द भेटतील. मग तो पूर्वीचा पेपर उघडा. त्यात आणखी जुन्या पेपरचा दाखला असेल, तोही उघडा. आपल्या विषयात ही साखळी कधीकधी तीस-चाळीस वर्षं मागे जाते, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे, एका तळटीपेत, शांतपणे पडलेलं असतं. छापलेलं आहे तेच विचारलं की समोरच्याला कळतं, की आपला पेपर या मुलाने वाचलेला नाही.

शोधताना नावांकडे लक्ष द्या. सार्कोमिअरमधल्या लवचीक महाप्रथिनाला जपानमध्ये मारुयामा यांच्या गटाने १९७०च्या दशकात कनेक्टिन म्हटलं. अमेरिकेत कुआन वांग यांच्या गटाने १९७९ मध्ये त्याला टायटिन हे नाव दिलं. आज टायटिन रूढ आहे, पण फक्त तेवढंच शोधलंत तर कनेक्टिनच्या नावाखालचं बरंच काम नजरेतून सुटेल. तंतूंच्या प्रकारांचंही असंच. माणसाच्या स्नायूतल्या ज्या तंतूंना जुन्या पेपरांत 'टू-बी' म्हटलंय, त्यांत प्रत्यक्षात टू-एक्स प्रकारचं मायोसिन (बल निर्माण करणारं प्रथिन) असतं, हे १९९०च्या दशकात उलगडलं. उंदरात खरंखुरं टू-बी असतं, माणसाच्या हातापायांच्या स्नायूंत त्याचं प्रथिन सापडत नाही. तेव्हा 'तुमच्या मानवी टू-बी तंतूंबद्दल' असं वाक्य आज लिहिलंत तर पुढचं पत्र मनात शंका घेऊनच वाचलं जाईल.

पत्र कुणाला? पेपरवर पत्रव्यवहारासाठी ज्यांचा पत्ता आहे ते बहुधा प्रयोगशाळेचे प्रमुख असतात. प्रत्यक्ष गाठ बांधणारे हात मात्र पहिल्या लेखकाचे असतात. पद्धतीबद्दलचा बारीक प्रश्न असेल तर पहिल्या लेखकाला लिहा आणि प्रमुखांना प्रत पाठवा. पहिला लेखक दुसरीकडे गेला असेल तर त्याच्या सोळा अंकी ऑर्किड क्रमांकावरून बहुधा नवा पत्ता सापडतो. आणि हे सगळं करण्याआधी स्वतःच्या मार्गदर्शकांना सांगा. त्यांची त्या गटाशी जुनी ओळख असेल, किंवा जुनं भांडण असेल. दोन्ही माहीत असलेलं बरं.

दुसरी पायरी : विषयाची ओळ

विषयात स्नायू, अट आणि प्रश्न एवढं मावतं. 'ईडीएल, २५ अंश : गाठीबद्दल एक प्रश्न.' 'मदत हवी आहे' किंवा 'तातडीचे' नको. यापलीकडे विषयाच्या ओळीवर विचार करण्यात वेळ घालवू नका.

तिसरी पायरी : अवस्थेचा परिच्छेद

इथे मात्र थांबायचं. पत्रातला हा एक परिच्छेद नीट जमला की बाकीचं पत्र चार ओळींत आटोपतं.

*प्राणी.* जात, वंश, वय, लिंग. नुसतं 'उंदीर' पुरत नाही. डिस्ट्रोफिन हे स्नायूतलं प्रथिन नसलेले एमडीएक्स उंदीर मुळात सी५७बीएल/१० या वंशात सापडले. त्यांच्या तुलनेला सी५७बीएल/६ घेतले असतील तर समोरचा पहिला आक्षेप तिथेच घेईल, आणि तो रास्त असेल. तुम्ही कोणते घेतले ते आधीच सांगा, त्याला विचारायला लावू नका.

*नमुना.* अख्खा स्नायू, तंतूंची जुडी, एकच जिवंत तंतू, की आवरण काढलेला म्हणजे स्किन्ड तंतू? स्किन्ड असेल तर आवरण कशाने काढलं: रसायनाने, की हाताने सोलून? रेजी नातोरी यांनी १९५४ मध्ये बेडकाच्या तंतूचं आवरण हाताने सोलून दाखवलं, तेव्हापासून या दोन वाटा वेगळ्या आहेत. डिटर्जंटने आतली कॅल्शियमची कोठारंसुद्धा फुटू शकतात. हाताने सोललेल्या तंतूत ती शाबूत राहतात. कॅल्शियम सोडण्याबद्दल प्रश्न असेल तर सगळा फरक इथेच आहे.

*तापमान.* बेडकाचे अभिजात प्रयोग शून्य ते चार अंशांच्या आसपास झाले. स्किन्ड तंतूंसाठी अनेक जण १५ अंश घेतात, उंदराच्या अख्ख्या स्नायूसाठी बरेच जण २५ ते ३०. उंदराचं शरीर ३७ अंशांचं असताना बाथ गार का, हा प्रश्न नवख्यांना पडतोच. बाथमधल्या स्नायूला रक्तपुरवठा नसतो, ऑक्सिजन बाहेरून झिरपत आत जातो. तापमान वाढलं की खप वाढतो आणि गाभ्यातले तंतू गुदमरतात. म्हणून कोणाचाही आकडा स्वतःच्या आकड्याशेजारी ठेवण्याआधी दोन्ही तापमानं शेजारी ठेवा. आकुंचनाचा वेग तर तापमानाला बलापेक्षाही जास्त हळवा असतो.

*लांबी.* गॉर्डन, ए. एफ. हक्सली आणि ज्युलियन यांनी १९६६ मध्ये बेडकाच्या तंतूवर दाखवलं, की सार्कोमिअर सुमारे २.० ते २.२ मायक्रोमीटर असताना बल सर्वाधिक असतं आणि ३.६५ च्या जवळ ते शून्यावर येतं. माणसात ॲक्टिन या प्रथिनाचे फिलामेंट जास्त लांब असल्यामुळे सर्वोत्तम लांबी २.६ ते २.८ च्या घरात जाते. बेडकाचे आकडे मानवी तंतूला लावून 'आमचा तंतू जास्त ताणला गेलाय का?' असं विचारणारी पत्रं येतात. तंतू अगदी योग्य लांबीवर असतो. सार्कोमिअरची लांबी मोजली असेल तर कशी मोजली (लेझरच्या विवर्तनाने की सूक्ष्मदर्शकाखालच्या प्रतिमेवरून) तेही लिहा. मोजली नसेल तर तसं स्पष्ट लिहा: लांबी ट्विचचं (एका झटक्याच्या आकुंचनाचं) बल पाहून ठरवली, सार्कोमिअर मोजला नाही.

*द्रावण.* अख्ख्या स्नायूसाठी द्रावणाचं नाव, वायू आणि सामू. बायकार्बोनेटच्या द्रावणातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडायचा असतो. कोणी शुद्ध ऑक्सिजनचं सिलिंडर जोडलं तर सामू चढत जातो आणि कारण दिवसभर सापडत नाही. स्किन्ड तंतूसाठी पीसीए, म्हणजे मुक्त कॅल्शियमचा ऋण लॉगॅरिदम, कसा काढला ते सांगा. पीसीए ६ म्हणजे एक मायक्रोमोलर. पण द्रावणात ईजीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन), मॅग्नेशियम, एटीपी सगळे एकमेकांना धरून असतात, आणि मुक्त कॅल्शियमचा आकडा गणिताने काढलेला असतो. दोन प्रयोगशाळांनी बंधनाचे स्थिरांक वेगळे घेतले, तर तंतू सारखाच वागूनही आलेख सरकलेले दिसतात. स्थिरांक कुठून घेतले, सामू किती, आयनिक स्ट्रेंग्थ किती, या तीन गोष्टी पत्रात असल्या की पुढचे तीन ई-मेल वाचतात.

*एकक आणि भागाकार.* सर्वांत जास्त गैरसमज इथे होतात, म्हणून उदाहरण घेऊ. ईडीएलचं वजन १० मिलिग्रॅम, लांबी १३ मिलिमीटर, बल ३७० मिलिन्यूटन. काटछेदाचं क्षेत्रफळ म्हणजे वजन भागिले (घनता × तंतूची लांबी). घनता १.०६ मिलिग्रॅम प्रति घन मिलिमीटर. आता तंतूची लांबी ही स्नायूची लांबी नव्हे. ईडीएलचे तंतू तिरके असतात आणि त्यांची लांबी स्नायूच्या साधारण ०.४५ पट धरतात. तसं केलं तर तंतू ५.८५ मिलिमीटर, क्षेत्रफळ १.६१ चौरस मिलिमीटर, आणि विशिष्ट बल, म्हणजे क्षेत्रफळाने भागलेलं बल, सुमारे २३० मिलिन्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. चुकून १३ मिलिमीटरच वापरले तर क्षेत्रफळ ०.७३ होतं आणि तोच स्नायू ५१० चा होऊन बसतो. सोलियसला (पोटरीतल्या दुसऱ्या स्नायूला) हा गुणक सुमारे ०.७१ आहे, ईडीएलचा गुणक तिथे लावला की पुन्हा घोळ. वरून कोणी न्यूटन प्रति चौरस सेंटिमीटर लिहितं, कोणी किलोपास्कल. २३ न्यूटन प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजेच २३० किलोपास्कल आणि तेच २३० मिलिन्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. पत्रात भागाकाराचं सूत्र एकदा लिहून टाका. आणि भागाकार न केलेलं मूळ बल, वजन आणि लांबी हे तीन आकडेही द्या, म्हणजे समोरचा स्वतःच्या पद्धतीने हिशोब करून पाहील.

*उद्दीपन.* वारंवारता, कालावधी, दोन आकुंचनांमधली विश्रांती, आणि विद्युतप्रवाह वाढवून पाहिल्यावर बल आणखी वाढतं का.

हे सगळं वाचून पत्र लांबेल असं वाटेल. लांबत नाही. पाहा:

विषय : ईडीएल, २५ अंश, विशिष्ट बल ९ : गाठीबद्दल एक प्रश्न

आदरणीय डॉ. ______,

मी ______ यांच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तुमच्या ______ सालच्या पेपरमधली पद्धत वापरून आम्ही उंदराच्या ईडीएलचं बल मोजतो आहोत. तुमच्याकडे २३ न्यूटन प्रति चौ. सेंमी. आहे, आमच्या सहा स्नायूंत ८ ते १० येतं.

स्थिती : सी५७बीएल/६, नर, १२ आठवडे. अख्खा स्नायू, २५ अंश सें. क्रेब्स द्रावण, ९५:५ वायू, बाथमध्ये मोजलेला सामू ७.४. लांबी ट्विचवरून. १५० हर्ट्झ, ३०० मिलिसेकंद, दर तीन मिनिटांनी. तंतूची लांबी = स्नायूची लांबी × ०.४५, घनता १.०६. सहाही स्नायूंचं बल, वजन आणि लांबी सोबतच्या तक्त्यात आहे.

तपासून पाहिलं : ट्रान्सड्यूसर ज्ञात वजनं टांगून पुन्हा जुळवला. विद्युतप्रवाह दुप्पट केल्यावर बल वाढत नाही.

प्रश्न : सोबतच्या ट्रेसमध्ये सुमारे १०० मिलिसेकंदांनंतर पठार पायरीसारखं उतरतं. गाठ सरकत असेल का? तुम्ही ती कंडरेच्या नेमक्या कोणत्या भागावर बांधता?

वेळ होईल तेव्हा एका ओळीत उत्तर दिलंत तरी आमचं काम पुढे सरकेल.

आपला / आपली,
______

यात 'तुमचं थोर कार्य वाचून भारावून गेलो' नाही. ते खरं असलं तरी इथे लिहू नका. तुम्ही पेपर किती मन लावून वाचलाय हे प्रश्नातूनच दिसतं. प्रश्न एकच आहे, फार तर दोन. 'तपासून पाहिलं' ही ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ती वाचल्यावर समोरचा तुम्हाला शिकाऊ सहकारी म्हणून वागवायला लागतो.

पत्रं बहुधा इंग्रजीत जातील. वाचणाऱ्याचीही ती मातृभाषा असेलच असं नाही. वाक्यं छोटी ठेवा, आकडे ठळक ठेवा, अलंकार टाळा.

चौथी पायरी : ट्रेस जोडा

सरासरीचा स्तंभालेख पाठवू नका. एक कच्चा ट्रेस, म्हणजे वेळेनुसार बलाचा आलेख, पाठवा: अक्ष, एककं, शून्याची रेषा आणि उद्दीपनाची खूण असलेला. जाणत्या डोळ्याला त्यात खूप काही दिसतं. बल सावकाश चढत असेल तर जोडणीत कुठेतरी ढील आहे. पठारावर लहरी असतील तर वारंवारता कमी पडतेय. मध्येच पायरी असेल तर काहीतरी सरकतंय. एका आकुंचनानंतर मूळ रेषा खाली बसत नसेल तर स्नायूला इजा झाली असण्याची शक्यता. दहा ट्रेस जोडलेत तर त्यातला एकही नीट पाहिला जात नाही. एक चांगला आणि एक बिघडलेला, बस. त्यामागचे आकडे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये द्या, म्हणजे विशिष्ट सॉफ्टवेअर नसलेल्यालाही ते उघडता येतील.

पाचवी पायरी : काही मागायचं असेल तेव्हा

मागण्याआधी ती वस्तू सार्वजनिक साठ्यात आहे का ते पाहा. मायोसिनचे प्रकार ओळखणाऱ्या ज्या प्रतिपिंडांसाठी (बीए-डी५, एससी-७१, बीएफ-एफ३, ६एच१) नवखे लोक लेखकांना पत्र घालतात, ती आयोवा विद्यापीठातल्या हायब्रिडोमा बँकेत कुणालाही मागवता येतात. प्लाझ्मिडसाठी ॲडजीन, उंदरांसाठी जॅक्सन लॅबोरेटरी. तिथे असलेली वस्तू व्यक्तीकडे मागणं म्हणजे तिचा वेळ मागणं.

व्यक्तीकडेच असेल तर हेतू, किती हवं आणि कधीपर्यंत, एवढं लिहा. साहित्य हस्तांतराचा करार दोन्ही संस्थांच्या सह्यांनी होतो आणि त्याला कधी आठवडे, कधी महिने लागतात. पहिल्याच पत्रात 'आमच्या बाजूने करार कोण पाहतं' त्या विभागाचं नाव दिलंत तर बराच वेळ वाचतो.

गोठवलेला स्नायू मागत असाल तर एक प्रश्न आधी विचारा: तो गोठवला कसा? नुसत्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकलेल्या तुकड्याभोवती वायूचा थर उकळत राहतो, थंडावा आत शिरायला उशीर होतो, बर्फाचे स्फटिक वाढतात आणि छेद घेतल्यावर तंतूंना भोकं दिसतात. नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये बुडवलेला तुकडा छेदांसाठी चांगला. प्रथिनांच्या जेलसाठी पहिलाही चालेल. बलाच्या मोजणीसाठी मात्र यांतलं काहीच सरळ चालत नाही. तिथे ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे २० अंशांवर राखलेल्या तंतूंची १९४० च्या दशकात सेंट-ग्यॉर्गी यांनी घालून दिलेली रीत आजही कामाला येते. पाठवणाऱ्याला सुक्या बर्फाचं तापमान (उणे ७८.५ अंश) माहीत असतं, पण झाकण हवाबंद करायचं नाही, हे नवखे विसरतात, बर्फाचा वायू होतो आणि खोका फुटू शकतो. खोक्यावर यूएन १८४५ ची खूण हवी. आणि पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला निघावं. शुक्रवारी निघालेला नमुना रविवारी कुठल्यातरी गोदामात वितळतो.

मानवी बायॉप्सी असेल तर आणखी एक गोष्ट. ई-मेलमध्ये रुग्णाचं नाव, जन्मतारीख, रुग्णालयाचा क्रमांक काहीही येऊ देऊ नका, ट्रेसच्या फाइलच्या नावातसुद्धा नाही. नैतिक समितीची परवानगी आणि संमतिपत्रात 'इतर संशोधकांना देणे' याचा उल्लेख आहे का, हे मागणाऱ्यानेच आधी विचारायचं असतं.

सहावी पायरी : मतभेद

कोणाचा निष्कर्ष चूक वाटला तर पहिलं पत्र खाजगी. त्यात 'तुमचा निष्कर्ष चूक आहे' असं नसावं. 'याच अटींवर आम्हाला वेगळं मिळतंय. आमच्या पद्धतीत हा फरक आहे. त्यामुळे तसं होत असेल का?' असं असावं. ही फक्त सभ्यता म्हणून सांगत नाही. आपल्या विषयात दोन परस्परविरोधी निकाल दोन्ही बरोबर असतात, असं पुष्कळदा घडतं; एक १५ अंशांवरचा असतो, दुसरा ३० वरचा. खाजगीत उत्तर पटलं नाही, तर नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिण्याची वाट आहेच. तेव्हाही मसुदा आधी लेखकांना दाखवा.

मतभेद कसा मांडावा याचा मला आवडणारा दाखला ए. व्ही. हिल यांचा. हिल स्नायूची उष्णता मोजणारे. त्याच कामाचं १९२२ चं नोबेल त्यांना मिळालं. सगळे जीवरसायनतज्ज्ञ म्हणत होते की आकुंचनाची ऊर्जा एटीपीतून येते. हिल यांनी १९५० मध्ये त्यांना उघड आव्हान दिलं: जिवंत स्नायूच्या प्रत्यक्ष आकुंचनात एटीपी कमी होताना दाखवा. हे करणं अवघड होतं, कारण एटीपी खर्च होताच क्रिएटिन फॉस्फेट ते भरून काढतं. केन आणि डेव्हिस यांनी ती भरपाई करणारं एन्झाइम रसायनाने बंद पाडलं आणि १९६२ मध्ये एटीपीची घट मोजून दाखवली. हिल यांनी कोणावर अविश्वास दाखवला नव्हता. कोणता पुरावा मिळाला तर आपलं समाधान होईल, हे त्यांनी नेमकं सांगितलं होतं. तुमच्या पत्रातही ते एक वाक्य असू द्या: 'आम्हाला अमुक दिसलं तर आम्ही मान्य करू.'

चूक स्वतःची निघाली तर? सिडनी रिंगर यांनी १८८२ मध्ये बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात कसं धडधडत राहतं ते छापलं. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचं नव्हतंच. नळाच्या पाण्याचं होतं. १८८३ च्या पेपरच्या अगदी सुरुवातीला त्यांनी ते सरळ लिहिलं, पाणी कोणत्या कंपनीचं होतं तेही सांगितलं, आणि प्रयोग शुद्ध पाण्याने पुन्हा केले. हृदय थांबायला लागलं. नळाच्या पाण्यातला कॅल्शियम त्याला चालवत होता. स्नायूच्या आकुंचनात कॅल्शियमचं स्थान प्रथम तिथे दिसलं. म्हणून आपल्याकडून काही चुकीचं गेलं असेल, तर ज्यांना ज्यांना तो आकडा पाठवला होता त्या सगळ्यांना त्याच दिवशी कळवा, आणि चूक कशी झाली तेही लिहा. कारण ते 'कसं' कदाचित तुमच्या मूळ निकालापेक्षा मोलाचं असेल.

सातवी पायरी : दुसरा गटही तेच करतोय असं कळलं तर

पोटात गोळा येतो, खरंय. लपवाछपवी करावीशी वाटते. पण एकदा १९५४ च्या २२ मेचा 'नेचर' चा अंक आठवा. केंब्रिजचे अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्क यांनी बेडकाच्या जिवंत तंतूंवर, आणि अमेरिकेत एमआयटीमध्ये काम करणारे ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांनी सशाच्या मायोफायब्रिलवर (तंतूच्या आतल्या बारीक धाग्यांवर), वेगवेगळ्या सूक्ष्मदर्शकांनी एकच गोष्ट पाहिली होती: आकुंचनात ए-पट्ट्याची (सार्कोमिअरमधल्या जाड फिलामेंटांच्या पट्ट्याची) रुंदी बदलत नाही, फिलामेंट एकमेकांवरून सरकतात. दोन हक्सली, नातं काही नाही. दोन्ही पेपर एकाच अंकात लागोपाठ छापले गेले. दोन निराळ्या पद्धतींनी एकच उत्तर आल्यामुळे त्या कल्पनेला जे वजन आलं, ते एकट्या कोणत्याही पेपरला आलं नसतं.

तेव्हा आधी मार्गदर्शकांशी बोला, आणि मग त्यांच्याच नावाने समोरच्या प्रमुखांना पत्र जाऊ द्या. आपण काय मोजलंय आणि कुठवर आलोय ते मोघम नको, पण आकडेही नकोत. आणि एकाच वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवायचं का, हा प्रस्ताव. समोरून होकार येईलच असं नाही. काही नियतकालिकं अशा जोडपेपरांचं स्वागत करतात, म्हणून संपादकांनाही विचारता येतं.

परीक्षक म्हणून कोणाचा अप्रकाशित पेपर हाती आला असेल, तर त्याबद्दल लेखकांशी थेट एक शब्दही लिहायचा नाही. जे काही विचारायचं ते संपादकांमार्फत. याला अपवाद नाही.

आठवी पायरी : उत्तराची वाट, आणि उत्तर आल्यावर

दोन आठवडे थांबा. मग मूळ पत्राखालीच दोन ओळींची आठवण पाठवा. पुन्हा दोन आठवड्यांनी उत्तर नसेल तर त्याच गटातल्या दुसऱ्या लेखकाला लिहा. तिसरी आठवण नको.

उत्तर आलं की ते तारखेसह प्रयोगवहीत चिकटवा. सहा महिन्यांनी 'ही लांबी आपण कोणाच्या सांगण्यावरून बदलली?' हा प्रश्न येतो, आणि तेव्हा ई-मेल सापडत नाही. त्यातला मजकूर पेपरमध्ये 'वैयक्तिक पत्रव्यवहार' म्हणून वापरायचा असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि वापरणार असलेलं वाक्य जसंच्या तसं त्यांना दाखवा. ते पत्र त्यांना न विचारता तिसऱ्याकडे पाठवू नका. लोक खाजगीत अर्धवट विचारही मोकळेपणाने लिहितात, आणि तो मोकळेपणा टिकायला हवा. आभाराच्या यादीत नाव घालण्याआधीही विचारा. आभार आणि सहलेखकत्व यांतला फरक काम वाढत जाईल तसा पुसट होतो, म्हणून कोणी नमुने किंवा विश्लेषण देऊ लागलं की त्याच आठवड्यात हा विषय काढा. पेपर लिहून झाल्यावर काढला तर दोघांनाही अवघड होतं.

आणि एक पत्र बहुतेक जण लिहायचं विसरतात. सल्ला घेतला, अडचण सुटली, आपण पुढच्या प्रयोगाला लागलो. ज्याने रात्री अकराला तुमचा ट्रेस उघडून पाहिला, त्याला पुढे काय झालं ते कळतच नाही. उपाय चालला नसेल तरी कळवा. ते पत्र असं असू शकतं:

आदरणीय डॉ. ______,

तुमचा अंदाज बरोबर होता. आमची गाठ कंडरेऐवजी स्नायूच्या टोकावर चढत होती. थोडे तंतू तिथे चिरडले जात होते, आणि आकुंचनात गाठ सरकत होती. आता ती कंडरेवर एक मिलिमीटर पुढे, दुहेरी बांधतो आहोत. काल आणि परवा मिळून सहा स्नायू केले, त्याच २५ अंशांवर. विशिष्ट बल २१ ते २३. पठार सपाट आहे, ट्रेस जोडला आहे.

गाठीचा जवळून काढलेला फोटोही जोडला आहे. तुमच्या नव्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडला तर जरूर वापरा.

आपला / आपली,
______